नंबर पेढीचा, फोन खिशातला

कलबुर्गीच्या नेहरू गंजात किंवा बिदरच्या गांधी गंजात कधी सवडीने फिरलात, तर अडत दुकानांच्या पाट्या वाचत चला. पेढीचं नाव मोठ्या अक्षरांत असतं. कोपऱ्यात ०८४७२ किंवा ०८४८२ने सुरू होणारा लँडलाइनचा नंबर, त्याचा रंग उडालेला. त्याच्याखाली वेगळ्या रंगाने, वेगळ्या हाताने लिहिलेले दोन-तीन मोबाइल नंबर. आणि एखाद्या पाटीवर त्यांतला एक नंबर ब्रशच्या फटकाऱ्याने झाकून टाकलेला. तो कुणाचा होता, असं मी बऱ्याच दुकानांत विचारलं आहे. उत्तर जवळपास ठरलेलं: "दिवाणजींचा. ते गेले आता दुसरीकडे."

दिवाणजी गेले, त्यांच्याबरोबर नंबर गेला. आळंद आणि अफझलपूर तालुक्यांतल्या ज्या शेतकऱ्यांच्या मोबाइलमध्ये पेढीच्या नावापुढे तोच नंबर होता, ते शेतकरी गेले. उमरग्याचा व्यापारी गेला, लातूरचा दलाल गेला, वेळेला गाडी लावून देणारा ट्रान्सपोर्टवाला गेला. दिवाणजींनी काही चोरलं नव्हतं. उलट वर्षानुवर्षं स्वतःच्या सिमवर, स्वतःच्या रिचार्जवर त्यांनी पेढीचे फोन घेतले होते. मोबाइल आल्यावर पेढीकडे स्वतःचा म्हणावा असा नंबरच उरला नव्हता आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

या पुस्तिकेचा विषय वरवर तांत्रिक आहे: ऑफिसच्या टेलिफोन यंत्रणेला माणसांचे स्मार्टफोन जोडणं, आवारात असताना वाय-फायवरून आणि बाहेर पडल्यावर मोबाइलच्या नेटवर्कवरून. पण पुस्तिका लिहायला बसलो तेव्हा डोळ्यांपुढे तो झाकलेला नंबर होता. पेढीला, दवाखान्याला, शाळेला, संस्थानाच्या कचेरीला एक नंबर असावा. तो त्या संस्थेचा असावा, कुणा एकाचा नसावा. आणि तो वाजला की जिथे माणूस असेल तिथे, म्हणजे काट्यावर, गोदामात, वॉर्डात, रस्त्यावर, त्याच्या खिशात वाजावा. एवढं साधलं तर बाकीचं सगळं तपशिलाचं काम आहे. ते तपशील पुढच्या प्रकरणांत आहेत. इथे पार्श्वभूमी मांडतो, कारण आमच्या सीमाभागात या विषयाला काही गाठी आहेत आणि त्या पुण्या-बंगळुरूत लिहिलेल्या माहितीपत्रकांत सापडत नाहीत.

माझ्या लहानपणी भालकीहून लातूरला बोलायचं म्हणजे ट्रंक कॉल लावून बसावं लागे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर होते, आणि लाइटनिंग कॉल लावला की घरात कुणीतरी गेलं असणार असं शेजारी समजत. कमलनगर ते उदगीर हे अंतर आगगाडीने अर्ध्या तासाचं. पण १९५६च्या राज्य पुनर्रचनेनंतर ही दोन गावं दोन राज्यांत गेली आणि पुढे टेलिफोनची सर्कलंही राज्यांच्याच हद्दीने आखली गेली. रेल्वेने ही हद्द फारशी मानली नाही. कलबुर्गी स्टेशन आजही मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात आहे आणि बिदर दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद विभागात. टेलिफोनने मात्र ती मानली, आणि फार काटेकोरपणे मानली.

लहान गावांत टेलिफोन खरा पोचला तो सी-डॉटमुळे. १९८४ साली स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेने १२८ लाइनींचं ग्रामीण एक्स्चेंज तयार केलं आणि त्यातलं पहिलं १९८६ साली कर्नाटकातल्याच कित्तूरला बसवलं. त्या यंत्राचं मोठेपण मला पुढे प्रत्यक्ष काम करताना कळलं. त्याला वातानुकूलित खोली लागत नव्हती. परदेशी एक्स्चेंज थंड, बंद, धूळ नसलेल्या खोलीत ठेवावं लागे. आपल्याकडे पोस्टाशेजारच्या खोलीत, बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, पंख्यावर भागवायचं होतं. ज्यांनी ते घडवलं त्यांनी आधी आपली खोली पाहिली आणि मग यंत्र आखलं. आज वाय-फायचा डबा निवडताना मी हीच गोष्ट धरून चालतो. जिथे यंत्र बसणार ती जागा आधी पाहायची.

मी या धंद्यात आलो तो इंटरकॉम बसवणारा म्हणून. डाळ मिल, साखर कारखाने, दवाखाने, कॉलेजं, सगळीकडे तेच ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसचं छोटं एक्स्चेंज. तीन बाहेरच्या लाइनी, आठ एक्स्टेंशन. शून्य दाबला की बाहेरची लाइन, नऊ दाबला की ऑपरेटर, फ्लॅश दाबून ट्रान्सफर. ऑपरेटरच्या टेबलावर बसलेली मुलगी कोण कुठे आहे हे मनात ठेवून असे. "मालक मिलमध्ये गेलेत, देते तिकडे." आवाजावरून माणूस ओळखायची, कन्नड, मराठी, दखनी यांतलं काय बोलायचं ते पहिल्या 'हॅलो'वर ठरवायची. त्या बाईंचं काम आज सॉफ्टवेअरला जमतं असं जाहिरातीत म्हणतात. मला ते पटत नाही. पण ती जागा बहुतेक ठिकाणी भरलीच गेली नाही, हेही खरं.

कारण मोबाइल आला. २००३च्या मे महिन्यात इनकमिंग फुकट झालं आणि दोन-चार वर्षांत ऑफिसमधल्या प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा फोन आला. इंटरकॉमची वायर उंदरांनी कुरतडली तरी दुरुस्तीला बोलावणं येईना. लँडलाइनचं बिल भरायचं तरी कशाला, असं लोक विचारू लागले.

सीमेवर मात्र मोबाइलनेही हद्द पाळली. औराद, भालकी, बसवकल्याण तालुक्यांच्या काठावरच्या गावांत अंगणात उभं राहिलं की कर्नाटकचा टॉवर आणि मागच्या दारी गेलं की महाराष्ट्राचा. घरातल्या घरात रोमिंग लागायचं. २०१३ नंतरसुद्धा रोमिंगमध्ये आलेल्या फोनला मिनिटाला ७५ पैशांपर्यंत आकार होता, तो मे २०१५मध्ये ४५ पैशांवर आला. त्याच वर्षी जूनमध्ये बीएसएनएलने रोमिंगमधलं इनकमिंग फुकट केलं आणि जुलैपासून देशभरात कुठल्याही सर्कलमध्ये नंबर तोच ठेवून जायची सोय झाली. त्याआधीच्या काळात इथल्या व्यापाऱ्यांनी दोन सिम ठेवली, एक इकडचं, एक तिकडचं. पाटीवर दोन-तीन नंबर आले त्यामागे हे एक कारण आहे. हौस म्हणून ते लिहिलेले नव्हते. लातूरच्या माणसाला लातूरसारखा दिसणारा नंबर द्यावा, म्हणजे तो निःशंक फोन लावेल, हा हिशेब होता.

लँडलाइनवरून दुसऱ्या सर्कलच्या मोबाइलला शून्य लावायचा, आपल्या सर्कलच्या मोबाइलला नाही, हा आणखी एक गोंधळ. आमच्या कडेच्या गावांत समोरचा नंबर कुठल्या सर्कलचा हे कुणाला ठाऊक? अर्ध्या ओळखी पलीकडच्या. १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला शून्य लावणं सक्तीचं झालं आणि तो गोंधळ मिटला. पण जुन्या ईपीएबीएक्समध्ये बाहेरची लाइन घ्यायलाही शून्यच लागतो. म्हणजे शून्य, मग पुन्हा शून्य, मग नंबर. दुसरा शून्य राहिला की फोन लागत नाही, आणि माणूस म्हणतो, लँडलाइन बिघडली. मी अशा 'बिघडलेल्या' लाइनी पाहायला वीस-वीस किलोमीटर गेलो आहे.

आता जोडणीकडे येतो.

ऑफिसच्या एक्स्चेंजचं काम आज छोटासा संगणक करू शकतो. १९९९ साली अमेरिकेतल्या मार्क स्पेन्सर या तरुणाला आपल्या लहानशा धंद्यासाठी टेलिफोन यंत्रणा हवी होती आणि बाजारातली परवडत नव्हती, म्हणून त्याने स्वतःच सॉफ्टवेअर लिहिलं आणि सर्वांसाठी खुलं केलं. ते अ‍ॅस्टरिस्क. आज जगभर छोट्या-मोठ्या ऑफिसांत ते किंवा त्यावर उभं केलेलं काहीतरी चालतं. ज्याला परवडत नव्हतं त्याने ते घडवलं, ही गोष्ट मला गंजातल्या दुकानदारांना सांगायला आवडते. ज्यांना संगणकाची कटकट नको त्यांच्यासाठी आपल्याकडच्या कंपन्यांचे तयार डबेही आहेत, वडोदऱ्याच्या मॅट्रिक्सचे आमच्या भागात बरेच दिसतात.

या संगणकाला बाहेरून लाइन येते: जुन्या तांब्याच्या तारेवरून, नाहीतर फायबरवरून, जिला सिप ट्रंक म्हणतात. सिप ही फोन लावण्या-उचलण्याची बोली. तिचं पहिलं अधिकृत प्रमाणही १९९९चंच. तुमच्या मोबाइलवर 'व्होल्टी' असं दिसतं, त्याच्या पोटातही हीच बोली आहे. स्मार्टफोनमध्ये एक अ‍ॅप घालायचं, त्याला एक्स्टेंशन नंबर द्यायचा, समजा २०५. झालं, तो फोन ऑफिसचा २०५ झाला. ०८४७२चा नंबर वाजला की टेबलावरचा डबा, मालकाचा फोन आणि काट्यावरच्या माणसाचा फोन एकत्र वाजतात. जो उचलेल त्याचा. या अ‍ॅपमधून तुम्ही फोन लावला तर समोर पेढीचाच नंबर दिसतो. दिवाणजी नोकरी सोडून गेले की त्यांच्या फोनमधलं २०५ काढून घ्यायचं आणि नव्या माणसाला द्यायचं. त्यांचं सिम त्यांचं, पेढीचा नंबर पेढीचा.

सांगायला हे दोन ओळींचं आहे. बसवताना खरं काम हवेत असतं.

आवाज वाय-फायवरून कसा जातो ते काट्याच्या उदाहरणाने सांगतो. बोलणं सेकंदाला पन्नास पोत्यांत भरलं जातं, प्रत्येक पोत्यात एका सेकंदाचा पन्नासावा हिस्सा. पोत्यांवर आकडे घातलेले. पलीकडे ती त्याच क्रमाने, त्याच अंतराने उतरावी लागतात. बारावं पोतं हरवलं तर त्याची वाट पाहता येत नाही. तेरावं उतरवून पुढे जावं लागतं. उशिरा आलेलं पोतं तर हरवल्यासारखंच. म्हणून बोलण्याला वेग फार लागत नाही. एका बाजूला सेकंदाला ८० किलोबिट, म्हणजे सिनेमा पाहायला लागतो त्याच्या कितीतरी कमी. लागते ती नियमितता. 'आमच्याकडे शंभर एमबीची लाइन आहे, तरी आवाज तुटतो' ही तक्रार त्यामुळे येते. लाइन रुंद आहे, पण फाटकापाशी गाड्या एकमेकींत अडकल्या आहेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे की तोंडातून निघालेला शब्द १५० मिलिसेकंदांच्या आत कानात पडावा. त्यापुढे दोघं एकाच वेळी बोलू लागतात आणि एकाच वेळी थांबतात.

आणि आमच्या भिंती! बिदर जांभ्याच्या पठारावर वसलं आहे. जुन्या वाड्यांच्या भिंती हातभर जाड, तांबड्या दगडाच्या. कलबुर्गीकडे शहाबादी फरशीची छतं. डाळ मिलमध्ये पत्र्याचं शेड, आत चाळण्या, पट्टे, मोटारी, आणि वर कायम तरंगणारी भुशाची धूळ. दगड लहरी गिळतो, पत्रा परत फेकतो. नव्या राउटरवर पाच गिगाहर्ट्झची वेगवान पट्टी असते; ती मोकळ्या खोलीत उत्तम आणि दोन दगडी भिंतींपलीकडे नाहीशी. २.४ची पट्टी भिंत जरा बरी ओलांडते, पण तिच्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि गंजात दर दुकानाचा राउटर त्याच तिघांसाठी भांडत असतो. या साऱ्यावर कागदावर उत्तर काढता येत नाही. मी एकच चाचणी करतो. फोन लावायचा, चालत राहायचं आणि मोठ्याने एक ते शंभर म्हणायचं. पलीकडच्या माणसाने न ऐकू आलेले आकडे वहीत लिहायचे. सत्तेचाळीस ते बावन्न गेले, म्हणजे गोदामाचा मधला दरवाजा. तिथे एक अ‍ॅक्सेस पॉइंट वाढवायचा. आणि तो नीट वाढवायचा: घरगुती राउटर आणून त्याच नावाने, त्याच पासवर्डने पण स्वतंत्र पत्ते वाटणारा लावला, तर फोन एका राउटरकडून दुसऱ्याकडे जाताना त्याचा पत्ता बदलतो आणि बोलणं तुटतं. सगळे पॉइंट एकाच घरचे हवेत.

सगळ्यात अवघड जागा फाटकाची. आतून बाहेर पडताना वाय-फाय सरतं आणि मोबाइलचा डेटा लागतो. फोन मात्र शेवटच्या एका कांडीला चिकटून राहतो, जसं म्हातारं माणूस जुन्या घराला धरून बसतं. आवाज तुटू लागला तरी सोडत नाही. मग एकदम सोडतो, नवा पत्ता घेतो आणि एक्स्चेंजला कळवतो की मी आता इकडे आहे. चांगलं अ‍ॅप हे सेकंद-दोन सेकंदांत उरकतं, वाईट अ‍ॅप फोन कापतं. उपाय यंत्रात कमी आणि आखणीत जास्त आहे. माणसं जिथे उभं राहून बोलतात तिथे वाय-फायची हद्द येऊ द्यायची नाही. डाळ मिलचा काटा बहुधा फाटकालगत असतो आणि बोलणी तिथेच होतात. तिथे भरपूर वाय-फाय द्या, म्हणजे हद्द रस्त्यावर जाईल, जिथे माणूस गाडीत बसलेला असेल आणि सरळ मोबाइल डेटावर असेल.

इथे एक गल्लत नेहमी होते. मोबाइल कंपन्यांचं 'वाय-फाय कॉलिंग' वेगळं आणि आपलं हे वेगळं. एअरटेलने डिसेंबर २०१९मध्ये आणि जिओने जानेवारी २०२०मध्ये ते सुरू केलं. वाड्यात टॉवरची रेंज येत नसेल तर तुमच्याच सिमचा फोन वाय-फायवरून चालतो, आणि फाटकाबाहेर पडलात की न तुटता टॉवरवर जातो, कारण दोन्ही टोकं एकाच कंपनीच्या हातात असतात. फार उपयोगी सोय आहे, चालू करून ठेवा. पण तिथे वाजतो तो तुमचा नंबर. पेढीचा नंबर त्याने खिशात येत नाही. एकदा हे समजलं की दुकानदाराला गळ्यात मारल्या जाणाऱ्या अर्ध्या गोष्टी आपोआप बाजूला पडतात.

डेटाही नाही अशा ठिकाणी काय? चिंचोळीच्या जंगलपट्ट्यात, काही तांड्यांवर, आजही बोलण्यापुरतीच रेंज असते. तिथे एक्स्चेंजला सांगता येतं की २०५ अ‍ॅपवर सापडला नाही तर त्याच्या सिमवर साधा फोन लाव. पण अशा एका फोनला दोन लाइनी गुंततात, एक येणारी आणि एक जाणारी. तीन लाइनींच्या ऑफिसात उरली एक. शिवाय मालकाला बहुतेक वेळा गिऱ्हाइकाचा नाही, स्वतःच्या पेढीचाच नंबर दिसतो. म्हणून उचलल्यावर 'बोलायचं असेल तर एक दाबा' अशी सोय जरूर ठेवावी. नाहीतर खिशात चुकून उचलला गेलेला फोन गिऱ्हाइकाला आगगाडीचा आवाज ऐकवत राहतो.

विजेबद्दल मला थोडं सविस्तर लिहू द्या, कारण इथे माझ्या हातून चूक झाली आहे. जुन्या लँडलाइनला वीज एक्स्चेंजकडून यायची, त्याच दोन तारांतून, ४८ व्होल्ट. गावात करंट नसला तरी फोन वाजायचा. ही गोष्ट इतकी सवयीची होती की ती सोय आहे हेच आपण विसरलो. एका रुग्णालयात मी जुनी यंत्रणा काढून नवी बसवली. संगणकाला यूपीएस दिला, फायबरच्या डब्याला दिला. वरच्या मजल्यावरचे दोन अ‍ॅक्सेस पॉइंट मात्र भिंतीतल्या साध्या प्लगवर राहिले. मे महिन्यातल्या वळवाच्या रात्री वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला काही मिनिटं लागली. त्या मिनिटांत खालून वरच्या वॉर्डातल्या डॉक्टरांना लावलेला फोन वाजलाच नाही. वॉर्डबॉय जिना चढून धावत गेला. रुग्ण वाचला. पण मी ती रात्र विसरलेलो नाही, आणि या पुस्तिकेत विजेचं प्रकरण वाय-फायच्या आधी घातलं आहे ते त्यामुळेच. आवाज ज्या ज्या डब्यातून जातो तो प्रत्येक डबा करंट गेल्यावर जिवंत राहिला पाहिजे. राउटरला बहुधा १२ व्होल्ट लागतात. त्यासाठी तळहाताएवढा छोटा यूपीएस मिळतो. आणि प्रत्येक दवाखान्यात एक तरी साधी तारेची लाइन, साध्या डब्यासह, ठेवून द्यावी. आणीबाणीत ११२ लावायचा तो अ‍ॅपमधून नाही, थेट सिमवरून. ऑफिसच्या अ‍ॅपमधून लावला तर तुम्ही रस्त्यावर कुठे आहात ते कळणार नाही, ऑफिसचा पत्ता कळेल.

कायदा आणि सुरक्षितता यांवर वेगळी प्रकरणं आहेत, इथे दोनच गोष्टी. सिप ट्रंक परवाना असलेल्या कंपनीकडूनच घ्या. २०१८ साली परवान्याच्या अटींत बदल होऊन इंटरनेटवरून टेलिफोनची वाट देशात मोकळी झाली, पण ती परवानाधारकांसाठी. डबाभर सिम लावून दुसऱ्यांचे परदेशी फोन उतरवून देणाऱ्यांवरचे छापे वर्तमानपत्रांत वाचता, त्यात 'सोपी स्कीम' म्हणून ओढले जाऊ नका. दुसरं, २०५ या एक्स्टेंशनचा पासवर्ड २०५ ठेवू नका. इंटरनेटवर रात्रंदिवस अशी कुलपं चाचपणारी यंत्रं फिरत असतात. एक उघडलं की पहाटेपर्यंत तुमच्या नावावर परदेशाचे फोन लागतात. ज्या पेढीचा व्यवहार सोलापूर-हैदराबादच्या पलीकडे जात नाही तिने आयएसडी बंदच ठेवावं.

जी गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते ती बायकांच्या नंबरांची. रुग्णालयातली नर्स, शाळेतली शिक्षिका, बँकेतली बचत गटांचं काम पाहणारी मुलगी. हिचा मोबाइल नंबर आज किती जणांकडे असतो? रुग्णाच्या नातेवाइकांकडे, पालकांकडे, गावोगावच्या गटांतल्या लोकांकडे. कामासाठी दिलेला असतो, द्यावाच लागतो. मग रात्री अकराला फोन, भलते मेसेज, ओळखीचा नसलेला आवाज. सिम बदललं की घरचे नातलगही तुटतात. कित्येक जणी तक्रार करत नाहीत, कारण नोकरीवरच आच येईल असं वाटतं. ऑफिसचा नंबर खिशात आला की तिला स्वतःचा नंबर द्यायची गरज उरत नाही. तिने रुग्णाच्या घरी लावलेला फोन रुग्णालयाच्या नंबराने जातो. उलट फोन आला तर ड्यूटीवर जी असेल तिच्याकडे जातो. संध्याकाळी सहाला ती २०५ बंद करते आणि घरी जाते. रुग्णालयांचे, शाळांचे चालक पैशाचा हिशेब विचारतात तेव्हा मी त्यांना आधी हे सांगतो, लाइनींची बचत नंतर.

भाषेचंही तसंच. 'कन्नडसाठी एक दाबा, मराठीसाठी दोन, हिंदीसाठी तीन' असा रेकॉर्ड केलेला आवाज आता सगळ्यांना हवा असतो. आमच्याकडे माणूस मराठीत सुरू करतो, भाव कन्नडमध्ये विचारतो आणि दखनीत आभार मानतो. त्याने काय दाबायचं? औरादच्या खेड्यातली म्हातारी दवाखान्यात नातवाची चौकशी करायला फोन लावते, तिला आकड्यांची यादी ऐकवणं मला अन्यायाचं वाटतं. गाणगापूरला, हुमनाबादजवळच्या माणिकनगरला महाराष्ट्रातून हजारो माणसं येतात आणि खोली, महाप्रसाद, उत्सवाची तिथी विचारायला आधी फोन करतात. त्यांनाही पलीकडे माणूसच हवा असतो. पूर्वी नंबराच्या सुरुवातीवरून फोन उदगीरचा की भालकीचा ते कळे; २०१५पासून मोबाइल नंबर सर्कल ओलांडून जाऊ लागले, आता नंबरावरून ना गाव कळत ना भाषा. म्हणून माझा सल्ला यादीचा नाही. चार माणसांचे फोन एकत्र वाजू द्या, आणि त्या चौघांत मराठी आणि कन्नड दोन्ही सहज बोलणारं एक तरी असू द्या. सीमाभागात अशी माणसं शोधावी लागत नाहीत.

ही पुस्तिका मराठीत लिहिली, कारण या दोन जिल्ह्यांत आणि पलीकडच्या उदगीर-उमरगा-अक्कलकोट पट्ट्यात हे काम करणारी मुलं मराठीत विचार करतात आणि इंग्रजी माहितीपत्रक समोर ठेवून अंदाजाने बटणं दाबतात. शब्द मी धंद्यात चालतात तेच ठेवले आहेत. एक्स्टेंशनला एक्स्टेंशनच म्हटलं आहे.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक काम करा. तुरीचा हंगाम, म्हणजे डिसेंबर ते मार्च, यांतला आवकेचा एक दिवस निवडा. दवाखाना असेल तर सोमवार घ्या. सकाळी ऑफिस उघडल्यापासून बंद होईपर्यंत टेबलापाशी एक वही ठेवा. प्रत्येक फोन लिहा: किती वाजता आला, कुठल्या नंबरावर आला, कुणाला हवा होता, तो माणूस त्या वेळी कुठे उभा होता, आणि फोन त्याच्यापर्यंत पोचला की नाही. खासगी मोबाइलवर आलेले कामाचे फोनही संध्याकाळी सगळ्यांना विचारून त्यात भरा. वही घेऊनच दुसऱ्या प्रकरणाकडे या. तिथला नकाशा तिच्यावरून काढायचा आहे.